कुरांडाचे डॉड

सुट्टीत केर्न्सला गेलात, तर जवळच्या कुरांडा गावालाही जाऊन या. बँकेतली नोकरी सोडून किडे-फुलपाखरं गोळा करणारे फ्रेडरिक डॉड १९०४ पासून तिथे राहायचे.

त्याआधी टाउन्सव्हिलला त्यांनी एका दुर्मीळ फुलपाखराचा शोध घेतला. त्याची अळी कुठे राहते, माहीत आहे? हिरव्या मुंग्यांच्या घरट्यात! कोकणातल्या ओंबिलांसारख्याच या मुंग्या कडकडून चावतात. तरी डॉडनी घरटी उघडून पाहिली. अळी चक्क मुंग्यांची पिल्लं खाते, पण तिची पाठ इतकी टणक, की मुंग्यांचं काही चालत नाही. नवं फुलपाखरू मात्र मऊ. मुंग्या त्याच्यावर धावतात, तेव्हा अंगावरचे सैल खवले त्यांच्या तोंडाला चिकटतात. तेवढ्यात ते निसटतं! १९०२ मध्ये डॉडनी हे लिहून छापलं.