उच्च पदवी कोणासाठी?

डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. मुंबईत वैद्यकीय पदवी घेऊन ते पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. तोच १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून युद्धग्रस्त चीनला गेले. उच्च पदवी राहिली. परंतु रणभूमीवरच ते निष्णात शल्यचिकित्सक झाले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, तेथील नवशिक्यांना त्यांनी शिकविले. १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराने त्यांचे निधन झाले.

आज मेडिसिनमधील एम. डी.ला तीन आणि पुढील डी. एम.ला आणखी तीन वर्षे लागतात. हे ज्ञान आवश्यकच आहे. परंतु समाजाच्या पैशावर मिळविलेली विद्या महानगरातच थबकली, तर मंगळवेढ्याच्या रुग्णाला तिचा उपयोग काय? कोटणीसांच्या जिल्ह्याने तरी हा हिशेब मागितलाच पाहिजे.