रावबहादूर सी. के. बोले : ठराव करून न थांबलेला माणूस

सिंधुदुर्गात पावसाळ्यात पाणी मावत नाही आणि एप्रिल उजाडला की कित्येक वाड्यांत विहिरींचा तळ दिसू लागतो. मग आपले कार्यकर्ते निवेदन घेऊन ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत जातात. निवेदनाची पोच मिळते, ग्रामसभेत ठराव होतो आणि आपल्याला वाटते, काम झाले. अशा वेळी आम्हाला सीताराम केशव बोले आठवतात. चवदार तळ्याचा इतिहास सांगताना त्यांचे नाव एका ओळीत येते आणि आपण पुढे जातो. त्या एका ओळीमागचा माणूस तरुणांना माहीत असायला हवा.

बोले भंडारी समाजातले. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हा समाज आपल्या शेजारीच आहे. मुंबईत त्यांनी समाजसंघटना उभारली आणि १९०९ मध्ये गिरणी कामगारांसाठी कामगार हितवर्धक सभा स्थापन करण्यात पुढाकार घेतला. शालेय परीक्षेतल्या यशाबद्दल लहान भीमरावांचा मुंबईत सत्कार झाला, त्या सभेचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांना भेट दिले. केळूसकर वेंगुर्ल्याजवळच्या केळूस गावचे. बाबासाहेबांच्या हाती बुद्ध पहिल्यांदा आला तो असा, आपल्याच मातीतल्या माणसाकडून. बोले त्याचे साक्षीदार होते.

पुढे बोले मुंबई कायदेमंडळात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा सरकारने नेमलेल्या, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने, न्यायालये आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, अशी ती शिफारस होती. बाबासाहेब त्याच वर्षी लंडनहून परतले होते. ते कायदेमंडळात आले १९२७ मध्ये.

या ठरावाने प्रश्न धर्माच्या अंगणातून उचलून हिशेबाच्या वहीत नेला. विहीर कोणाच्या पैशाने बांधली, तिचा कारभार कोणाकडे आहे, एवढेच विचारायचे. पैसा सगळ्यांचा असेल तर पाणीही सगळ्यांचे.

सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने अंमलबजावणीचा आदेश काढला. पण गावचे पाणी स्थानिक संस्थांच्या हातात होते आणि बहुतेक संस्था गप्प बसल्या. मालवण, देवगड, वेंगुर्ले तेव्हा मुंबई इलाख्याच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते, म्हणून ठराव तिथे पोहोचत होता. सावंतवाडी मात्र संस्थान होते. मुंबई कायदेमंडळाचा अंमल तिथे चालत नव्हता. आजच्या एकाच जिल्ह्यातल्या माणसांसाठी पाण्याचा हक्क असा सरहद्दीवर अडकला होता.

महाडच्या नगरपालिकेने मात्र जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्यासारखे समतावादी पुढारी तिथे होते. ठराव झाला, पण पाणी भरायला गेलेल्या माणसाला मारहाण झाली तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार, याची सोय कोणी केली नाही. तळ्यावर कोणी गेले नाही, आणि त्यात नवल काही नव्हते.

बोल्यांचे मोठेपण आम्हाला यापुढे दिसते. आपल्या नावाचा ठराव गाजला, यावर समाधान मानून ते बसले नाहीत. तीन वर्षांनी त्यांनी स्वतःच तो प्रश्न पुन्हा उघडला. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांचा दुसरा ठराव आला : ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. आपला पहिला ठराव कागदावरच राहिला, याची ही भर सभागृहातली कबुली होती. नेत्याला ती अवघड जाते. त्याच वर्षी ग्रामजोशाला सक्तीने दक्षिणा देण्यातून रयतेला सोडवणारा कायदाही त्यांच्या प्रयत्नाने झाला.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. कागदाला अर्थ आला तो त्या दिवशी. सनातन्यांनी तळे शुद्ध करून घेतले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेस, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. संस्थेने दिलेला शब्द संस्थेनेच मोडला. पुढे तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात तो टिकला नाही. तळे नगरपालिकेचे, म्हणजे सार्वजनिक ठरले. पाण्यासाठी ठरावानंतर आणखी साडेतेरा वर्षे लागली.

पुढच्या काळात बोले हिंदू महासभेच्या राजकारणात गेले. ती आमची वाट नव्हे. १९५६ मध्ये आमची वाट दीक्षाभूमीकडे गेली. पण मतभेद म्हणून उपकार विसरणे धम्मात बसत नाही. १९६१ मध्ये ते गेले. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना तो कोणाच्या नावाचा, हे ठाऊक असते?

पाणी देणाऱ्या संस्थेवर लोकांचा विश्वास बसतो तो शेवटच्या घरातल्या नळाला पाणी आले की, आणि ते टिकले की. म्हणून तरुण मित्रांनो, ओरोसहून पोच घेऊन आलात की तिच्यावर पुढच्या भेटीची तारीख लिहा. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत आपल्या वस्तीचे कोण आहे, पाणीपट्टीचा पैसा कुठे खर्च झाला, नळ बसला त्या घरात पाणी किती दिवस आले, हे ग्रामसभेत विचारा. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. आणि आपण स्वतः सरपंच किंवा सदस्य झालो तर तीन वर्षांनी आपलाच ठराव पुन्हा काढून तपासण्याची तयारी ठेवा.

रावबहादूर बोले यांना आमचे कृतज्ञ अभिवादन. जय भीम!