बडी हॉली

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात लबक नावाचे शहर आहे. सभोवार सपाट माळरान, कापसाची शेते आणि धुळीची वादळे. या गावी ७ सप्टेंबर १९३६ रोजी बडी हॉलीचा जन्म झाला. चार भावंडांत तो धाकटा. पाच वर्षांचा असताना तो एका गायनस्पर्धेत उतरला. हातात व्हायोलिन होते, परंतु त्याचा आवाज उमटू नये म्हणून भावाने त्याला वंगण चोपडून ठेवले होते, असे सांगतात. बक्षीस मात्र बडीनेच मिळवले!

त्या काळी तेथे गोऱ्यांचे व कृष्णवर्णीयांचे जीवन कटाक्षाने वेगळे राखले जाई. रेडिओच्या लहरींना ही बंधने ठाऊक नव्हती. दूरच्या केंद्रावरून रात्री लागणारे कृष्णवर्णीयांचे संगीत बडी मोटारीत बसून ऐके. हे संगीत आणि गोऱ्या ग्रामीण लोकांची गाणी यांच्या मिलाफातून रॉक अँड रोल जन्मास आले. १९५५ साली एल्व्हिस प्रेस्ली लबकला येऊन गायला, तेव्हा बडीच्या मनाने हीच वाट धरली.

१९५६ साली डेक्का या बड्या कंपनीने त्याला करारबद्ध केले. करारपत्रात त्याच्या आडनावातील एक इंग्रजी अक्षर गळाले. त्याने तेच रूप पुढे चालू ठेवले. नॅशव्हिल येथे निघालेल्या ध्वनिमुद्रिका खपल्या नाहीत, आणि कंपनीने करार पुढे वाढवला नाही. एखादा विशीतला मुलगा खचून घरी बसला असता. बडी मित्रांना घेऊन न्यू मेक्सिकोतील क्लोव्हिस गावी गेला. तेथील नॉर्मन पेटी हा ध्वनिमुद्रक तासांवर पैसे घेत नसे, गाण्यागणिक घेई. त्यामुळे मनासारखे होईपर्यंत एकच गाणे रात्रभर घोळवता येई.

२५ फेब्रुवारी १९५७ रोजी तेथे ‘दॅट’ल बी द डे’ मुद्रित झाले. हेच गाणे नॅशव्हिललाही झाले होते आणि ते पुन्हा मुद्रित करण्यास जुन्या कराराची मनाई होती. म्हणून ते ‘क्रिकेट्स’ या नावाने प्रसिद्ध केले. मुलांनो, हे नाव खेळाचे नव्हे. त्याचा अर्थ रातकिडे! सप्टेंबरात हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले, नोव्हेंबरात इंग्लंडातही. पाठोपाठ ‘पेगी स्यू’ व ‘ओ बॉय’ गाजली. ‘एव्हरीडे’ या गाण्यात तर ड्रमवादक जेरी ॲलिसनने ड्रम न वाजवता स्वतःच्या मांड्यांवर ताल धरला आहे. जाड काळ्या चौकटीचा चष्मा लावून रंगमंचावर येणारा हा किडकिडीत तरुण स्वतःची गाणी स्वतः रची, हेही तेव्हा नवलाचेच होते.

१९५८ च्या अखेरीस पेटीशी त्याचे बिनसले आणि हक्काचे पैसे अडकून पडले. नुकताच विवाह झालेला. पैशांसाठी जानेवारी १९५९ मध्ये त्याने ऐन हिवाळ्यात दौरा पत्करला. मोटारगाड्या वाटेत बंद पडत, आत ऊब नसे. एका वादकाचे पाय हिमदंशाने बधिर होऊन त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. या हालांना कंटाळून २ फेब्रुवारीच्या रात्री आयोवातील क्लिअर लेकचा कार्यक्रम संपताच बडीने लहान विमान भाड्याने घेतले. मध्यरात्रीनंतर ते उडाले आणि काही मिनिटांतच शेतात कोसळले. बडी, सतरा वर्षांचा रिची व्हॅलेन्स, जे. पी. रिचर्डसन व वैमानिक हे चौघेही मृत्यू पावले. केवळ उपकरणांच्या आधारे उडण्यास वैमानिक पात्र नव्हता आणि त्याला हवामानाची पुरेशी सूचनाही मिळाली नव्हती, असे चौकशीत आढळले. तरीही त्याच संध्याकाळी पुढच्या गावचा कार्यक्रम पार पडला. हे मला तरी निष्ठुर वाटते. बडीचे वय अवघे बावीस होते.

त्याआधी, १९५८ साली, लिव्हरपूलमधील काही होतकरू मुलांनी पैसे जमवून आपली पहिली तबकडी मुद्रित केली होती. तीवर त्यांनी ‘दॅट’ल बी द डे’ गायले होते. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी व जॉर्ज हॅरिसन हे त्यांतले तिघे. पुढे आपल्या संघाला बीटल्स हे नाव देताना त्यांना रातकिड्यांचीच आठवण होती. त्या तबकडीची एकच प्रत निघाली होती. मग ती पोरे पाळीपाळीने ती आपापल्या घरी ठेवीत.