शंभर गुण आणि दोन अजिंक्यपदे

बास्केटबॉलमध्ये अजिंक्यपद मिळवून देतो तो एखादा अलौकिक खेळाडू की संघाची आखणी? आमच्या मैदानावर हा वाद नेहमीच रंगतो. त्यात साक्षीला कुणाला बोलवावे असे मला विचाराल तर मी विल्ट चेंबरलेनचे नाव घेईन.

२१ ऑगस्ट १९३६ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात त्याचा जन्म झाला. उंची सात फूट एक इंच! १९५७ साली विद्यापीठांच्या अंतिम सामन्यात तो कॅन्ससकडून खेळला. तीनदा जादा वेळ देऊनही त्याचा संघ अवघ्या एका गुणाने हरला. हातातोंडाशी आलेला घास निसटणे जणू त्याच्या पाचवीलाच पुजले होते.

१९५९ मध्ये तो फिलाडेल्फिया वॉरियर्स या व्यावसायिक संघात आला. १९६१-६२ च्या मोसमात प्रशिक्षक फ्रँक मॅकग्वायर यांनी सारा खेळ त्याच्याभोवती उभा केला. सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण! २ मार्च १९६२ रोजी हर्शी येथे न्यूयॉर्कविरुद्ध तर त्याने एकट्याने १०० गुण केले. पण बाद फेरीत बोस्टन सेल्टिक्सने सातव्या सामन्यात दोन गुणांनी बाजी मारली. बोस्टनचा बिल रसेल गुणांमागे धावत नसे. बचाव सांभाळावा, फळीवरून उसळलेला चेंडू पकडून सहकाऱ्यांकडे धाडावा, हे त्याचे काम. त्याने तेरा मोसमांत अकरा अजिंक्यपदे पाहिली आणि लोकांनी चेंबरलेनवर स्वार्थीपणाचा शिक्का मारला.

हा शिक्का मला अन्यायाचा वाटतो. १९६६-६७ मध्ये सेव्हन्टी-सिक्सर्सचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांनी त्याला गुण कमी करून चेंडू इतरांना द्यायला सांगितले. त्याने ते मानले. सरासरी २४.१ वर आली. संघाने मात्र ८१ पैकी ६८ सामने जिंकले, बोस्टनची सलग आठ अजिंक्यपदांची मालिका तोडली आणि अजिंक्यपद मिळवले. स्वार्थी माणूस असे करील काय?

नुसती मोठी नावे जमवूनही भागत नाही. १९६९ मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सकडे जेरी वेस्ट, एल्जिन बेलर आणि चेंबरलेन असे तिघे दिग्गज होते. तरीही अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात बोस्टननेच त्यांना दोन गुणांनी नमवले. पुढे १९७१-७२ मध्ये प्रशिक्षक बिल शार्मन यांनी त्याला बचावाचा खांब केले. सरासरी १४.८ इतकीच राहिली, पण लेकर्सनी सलग ३३ सामने जिंकले, अजिंक्यपदही पटकावले. अंतिम फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला.

१९७३ मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या नावावर ३१,४१९ गुण होते. १२ ऑक्टोबर १९९९ रोजी त्याचे निधन झाले.

मला वाटते, आखणी आणि प्रतिभा या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत. हॅनम आणि शार्मन यांची आखणी पेलायला चेंबरलेनच हवा होता, आणि चेंबरलेनला अजिंक्यपद मिळायला ती आखणी हवी होती. शंभर गुणांची रात्र जग विसरणार नाही. पण मला तो मोठा वाटतो तो त्याने चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून.