घर जळाले, न्यायासन ढळले नाही

जून १७८० च्या पहिल्या आठवड्यात लंडन शहर जळत होते. ६ जूनच्या रात्री जमावाने न्यूगेटचा तुरुंग फोडून पेटवून दिला आणि काही तासांतच एक टोळी ब्लूम्सबरी चौकातील एका घराकडे वळली. दारे फुटली तेव्हा घरातील पंचाहत्तर वर्षांचे वृद्ध गृहस्थ पत्नीसह मागच्या दाराने निसटले. मागे राहिलेले सामान, चित्रे आणि आयुष्यभर जमवलेला ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते व टिपणे यांची होळी झाली. हे गृहस्थ म्हणजे इंग्लंडचे मुख्य न्यायमूर्ती विल्यम मरे, अर्थात लॉर्ड मॅन्सफिल्ड. दंग्याच्या कायद्याचा अर्थ लावण्याची वेळ पुढे त्यांच्यावरच आली.

मॅन्सफिल्ड यांचा जन्म २ मार्च १७०५ रोजी स्कॉटलंडमधील स्कोन येथे एका उमराव घराण्यात झाला. पदच्युत स्टुअर्ट राजवंशाविषयी या घराण्याला ओढा होता आणि त्यांचे एक बंधू तर उघडपणे त्या पक्षाला मिळाले होते. पोरवयातच विल्यम लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाले. पुढे ऑक्सफर्डमध्ये शिक्षण घेऊन १७३० मध्ये ते बॅरिस्टर झाले. १७४२ मध्ये सॉलिसिटर जनरल, १७५४ मध्ये अ‍ॅटर्नी जनरल आणि १७५६ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती अशी त्यांची चढती कमान होती. या पदावर ते १७८८ पर्यंत राहिले. इंग्लंडच्या व्यापारी कायद्याला त्यांनी सुसंगत रूप दिले. मालकाला आपल्या गुलामास बळजबरीने इंग्लंडबाहेर नेता येणार नाही, हा १७७२ चा सॉमरसेट खटल्याचा निकालही त्यांचाच.

जमावाचा रोष त्यांना नवा नव्हता. १७६८ मध्ये लोकप्रिय नेते जॉन विल्क्स यांचे प्रकरण त्यांच्यासमोर आले, तेव्हा धमक्यांचा वर्षाव झाला. लोकांच्या भीतीने निकाल बदलणार नाही, असे त्यांनी भर न्यायालयात बजावले. आणि मग कागदपत्रांतील तांत्रिक दोषावर बोट ठेवून विल्क्स यांच्याविरुद्धचा बहिष्कृतीचा आदेश रद्द केला. निकाल जमावाला हवा तसा लागला, पण कारण मात्र कायद्यातले होते.

त्याच वर्षी दंग्याच्या कायद्याची दुसरी बाजूही दिसली. १७१५ मध्ये अमलात आलेल्या ‘रायट अ‍ॅक्ट’नुसार, बारा किंवा अधिक माणसांचा दंगेखोर जमाव जमल्यास दंडाधिकाऱ्याने राजाच्या नावाने पांगण्याची घोषणा वाचायची असे. त्यानंतर तासाभराने जे तिथेच राहतील, त्यांना देहान्ताची शिक्षा होऊ शके. १० मे १७६८ रोजी सेंट जॉर्जेस फील्ड्स येथे सैनिकांनी जमावावर गोळ्या झाडल्या, काही माणसे मेली आणि हुकूम देणाऱ्या दंडाधिकाऱ्यावरच खुनाचा खटला भरला गेला. तो निर्दोष सुटला खरा. पण ही आठवण पुढच्या दंडाधिकाऱ्यांच्या मनात घर करून राहिली. घोषणा वाचून तास उलटल्याशिवाय सैन्याने हात उचलू नये, अशी समजूत दृढ झाली.

१७८० मध्ये या समजुतीची किंमत लंडनने मोजली. कॅथलिकांवरील काही निर्बंध सैल करणारा कायदा १७७८ मध्ये संमत झाला होता. तो रद्द व्हावा म्हणून २ जून रोजी लॉर्ड जॉर्ज गॉर्डन यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे संसदेवर चालून गेली. कॅथलिक धर्मगुरूंवरील खटल्यांत पुराव्याचा काटेकोर आग्रह धरणारे मॅन्सफिल्ड या लोकांच्या डोळ्यांत आधीपासूनच सलत होते. संसदेकडे जाताना त्यांच्या गाडीच्या काचा फोडण्यात आल्या. पुढचे काही दिवस शहर जमावाच्या हाती राहिले. अखेर ७ जूनला घोषणेची वाट न पाहता कारवाई करण्याचे आदेश सैन्याला मिळाले आणि दंगल शमली. सरकारी गणतीनुसार २८५ माणसे मारली गेली.

आता प्रश्न उभा राहिला तो सैनिकांचा. हा लष्करी कायदा होता काय? १९ जून रोजी उमरावांच्या सभागृहात मॅन्सफिल्ड बोलायला उठले. संदर्भ पाहायला पुस्तके उरली नसल्याचा उल्लेख त्यांनी केला. आपल्या नुकसानीविषयी मात्र त्रागा केला नाही. त्यांचा मुद्दा सरळ होता. गुन्हा घडताना तो थांबवणे हा प्रत्येक नागरिकाचा अधिकार आणि कर्तव्य आहे. लाल डगला चढवल्याने सैनिकाचे नागरिकत्व जात नाही. त्याने दंगल मोडली ती नागरिक म्हणून. म्हणूनच मर्यादा ओलांडल्यास त्याला साध्या न्यायालयातच जाब द्यावा लागेल. ‘रायट अ‍ॅक्ट’ने हा जुना अधिकार काढून घेतलेला नव्हता. या विवेचनाने सैनिकाला बळ दिले आणि त्याच वाक्यांत त्याला बांधूनही घातले.

खरी कसोटी पुढे होती. ५ फेब्रुवारी १७८१ रोजी गॉर्डन यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि न्यायासनावर होते मॅन्सफिल्ड. कायदा बदलण्यासाठी हिंसेने संसदेवर दबाव आणणे हा राजद्रोह ठरतो, असे त्यांनी ज्यूरीला सांगितले. पण आरोपीचा तसा हेतू होता काय, हा निर्णय ज्यूरीवर सोडला. टॉमस अर्स्किन यांनी केलेला बचाव प्रभावी ठरला आणि गॉर्डन निर्दोष सुटले. ज्या माणसाच्या हाकेने जमलेल्या गर्दीतून आपले घर जाळणारे निघाले, तो मोकळा झालेला मॅन्सफिल्ड यांनी पाहिला. जळालेल्या घराची सरकारी भरपाईही त्यांनी घेतली नाही.

या विचाराच्या खुणा भारतातही आहेत. १८६० च्या दंड संहितेने पाच माणसांचा जमाव बेकायदेशीर ठरू शकतो, असे सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती संख्या कायम आहे. नागरिक सुरक्षा संहितेनुसार जमाव पांगवण्यास बोलावलेल्या सैन्याने कमीत कमी बळ वापरणे बंधनकारक आहे. मात्र अशा कारवाईबद्दल खटला भरण्यास सरकारची मंजुरी लागते, आणि इथे मॅन्सफिल्ड यांची वाट सुटते. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत पांगण्याचा इशारा न देता गोळ्या झाडणाऱ्या जनरल डायरला पद सोडावे लागले. फौजदारी न्यायालयात मात्र त्याला कधीच उभे राहावे लागले नाही.

२० मार्च १७९३ रोजी मॅन्सफिल्ड यांचे निधन झाले आणि वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत त्यांचा दफनविधी झाला. जळालेली टिपणे पुन्हा मिळाली नाहीत. बंदूक हाती असलेला माणूसही कायद्यापुढे नागरिकच, हे त्यांनी पुस्तकांविना मांडलेले सूत्र मात्र टिकून राहिले.