आकाश वाचायला शिकवणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित

ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातील मुरूड येथे झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून, १८७४ साली मॅट्रिक झाल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा बदल्यांच्या गावीच ज्योतिर्गणिताचा व्यासंग वाढवला.

पंचांग त्या काळी घरोघरी असे. त्यातले ग्रह आकाशात ओळखणारे मात्र विरळाच. अशा वाचकांना ग्रहताऱ्यांची ओळख व्हावी म्हणून त्यांनी सोप्या मराठीत ‘ज्योतिर्विलास’ लिहिले.

खरा वाद होता तो पंचांगाचा. उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते, मकरसंक्रांत मात्र तेव्हा जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात येई. पृथ्वीचा अक्ष संथपणे दिशा बदलत असल्याने हे अंतर सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने वाढते. सण ऋतूंना धरून राहावेत यासाठी दीक्षितांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. रूढ गणनेवर श्रद्धा असलेल्या समाजात ही भूमिका सोपी नव्हती.

१८९६ साली त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा बृहद्ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० एप्रिल १८९८ रोजी, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या ग्रंथाचा हिंदी अनुवाद उत्तर प्रदेश सरकारने १९५७ साली लखनऊहून प्रकाशित केला. त्याच वर्षी २२ मार्च रोजी देशाची राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष सायन आहे.