नऊ दिवसांचं एक चित्र

सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये एखाद्या गाठीच्या किंवा डागाच्या वर्णनात कधीकधी एक आकडा आणि त्यापुढे 'एचयू' अशी अक्षरं दिसतात. रुग्णाचं तिकडे लक्ष जात नाही, त्याची नजर थेट शेवटच्या ओळीवर. त्यातला 'एच' म्हणजे हाउन्सफील्ड. हे गृहस्थ डॉक्टर नव्हते. विद्यापीठाची पदवीही त्यांच्याकडे नव्हती.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचा जन्म २८ ऑगस्ट १९१९ चा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमधला. वडील शेतकरी. पाच भावंडांतलं हे शेंडेफळ, त्यामुळे मोकळा वेळ भरपूर आणि शेतावरची यंत्रं हाताशी. घरी बनवलेला ग्लायडर घेऊन गवताच्या गंजीवरून उडी मारायची, डांबराच्या पिंपात पाणी आणि ॲसिटिलीन भरून ते किती उंच उडतं ते बघायचं, असले त्याचे उद्योग. हातपाय शाबूत राहिले हेच नशीब. शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र सोडून कशातच रस नव्हता. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात रडारचं काम, मग लंडनच्या फॅराडे हाउसमधून विद्युत अभियांत्रिकीचा डिप्लोमा आणि पुढे ईएमआय कंपनीत नोकरी. तिथे त्यांनी ब्रिटनमधल्या अगदी सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर संगणकांपैकी एक उभारला.

१९६७ च्या सुमारास त्यांच्या डोक्यात एक विचार आला. बंद पेटीत काय आहे हे ती न उघडता कळेल का? सगळ्या बाजूंनी बारीक किरण आरपार सोडले, प्रत्येक किरण किती अडला ते मोजलं आणि ते आकडे संगणकाला दिले, तर आतल्या प्रत्येक कणाची घनता काढता यायला हवी. साध्या एक्स-रेत बरगड्या, हृदय, फुफ्फुस सगळं एकावर एक पडतं आणि एकच सावली उमटते. इथे काप घेतल्यासारखं दिसणार होतं.

ईएमआय म्हणजे बीटल्सच्या रेकॉर्ड काढणारी कंपनी. त्यामुळे सीटी स्कॅन बीटल्सच्या पैशांतून झाला, अशी एक लाडकी कथा आहे. प्रत्यक्षात ब्रिटनच्या आरोग्य खात्याने घातलेला पैसा कंपनीपेक्षा जास्त होता. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पहिलं यंत्र लेथच्या सांगाड्यावर बसवलेलं होतं आणि किरणांचा स्रोत दुबळा. एका चित्रासाठी २८,००० मोजमापं, त्यांना नऊ दिवस आणि आकडेमोडीला संगणकाचे अडीच तास. एक्स-रे ट्यूब बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले.

मग आला मेंदू. फॉर्मलिनमध्ये जतन केलेला माणसाचा मेंदू त्यांनी यंत्रात ठेवला आणि चित्र झकास आलं. मेंदूतला करडा आणि पांढरा भाग वेगवेगळा दिसत होता. दुसरा कुणी असता तर पेढे वाटले असते. हाउन्सफील्ड यांना शंका आली, की हा फरक मेंदूचा की फॉर्मलिनचा? मग ताजे मेंदू हवेत म्हणून बैलाचे आणले. पण जनावराला आधी बेशुद्ध करताना बसणाऱ्या आघाताने मेंदूत रक्तस्राव होई आणि चित्र पुन्हा बिघडे. शेवटी ज्यू पद्धतीच्या कत्तलखान्यातून मेंदू आणून ते तपासले. फरक आधीच्यापेक्षा फिका आला, पण आला. तेव्हा कुठे त्यांचा स्वतःच्या चित्रावर विश्वास बसला.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स ॲम्ब्रोज यांच्यासोबत पहिल्या रुग्णाचा स्कॅन झाला. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली एक महिला. शस्त्रक्रियेत गाठ चित्रात होती तशीच सापडली. १९७९ मध्ये हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. कॉर्मॅक यांनी यामागचं गणित आधीच स्वतंत्रपणे मांडलं होतं, हाउन्सफील्ड यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सुरुवातीचं यंत्र फक्त डोक्यासाठी होतं, कारण एका फेरीला काही मिनिटं लागत आणि छाती तेवढा वेळ स्थिर राहत नाही. १९७५ मध्ये संपूर्ण शरीराचं यंत्र आलं, तेव्हा श्वास रोखून छातीचं चित्र घेता येऊ लागलं. आज आपण त्यांच्या नावाच्या मापात पाणी शून्य आणि हवा उणे १००० धरतो. हवेने भरलेलं निरोगी फुफ्फुस साधारण उणे ८०० च्या आसपास असतं. विषाणूमुळे न्यूमोनिया झाला की हवेच्या पिशव्यांत थोडा द्राव भरतो, आकडा वर सरकतो आणि चित्रात धुरकट काचेसारखा डाग दिसतो. कोविडमध्ये हाच डाग घराघरांत पोहोचला आणि 'स्कोअर पंचवीसपैकी किती?' हे विचारणं नेहमीचं झालं.

पण यंत्र मोजतं ती घनता. ती कशाने वाढली, हे त्या आकड्यात नसतं. इन्फ्लुएन्झा, हृदय कमकुवत झाल्याने फुफ्फुसात साठलेलं पाणी, फुफ्फुसातला रक्तस्राव, काही औषधांचा दुष्परिणाम, या सगळ्यांत तसाच डाग पडू शकतो. २०२० च्या सुरुवातीला वुहानमधल्या १,०१४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घशाची आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आलेल्या ६०१ जणांपैकी ५८० जणांच्या स्कॅनमध्ये न्यूमोनिया दिसला, म्हणजे ९७ टक्के. बातम्यांत हाच आकडा गाजला. मात्र चाचणी निगेटिव्ह आलेल्या ४१३ जणांपैकी ३०८ जणांचा स्कॅनही पॉझिटिव्ह होता. ती चाचणीही काही रुग्ण हुकवते, त्यामुळे या ३०८ पैकी काहींना कोविड असणारच. तरी साथ ऐन भरात असलेल्या शहरातला हा हिशेब. साथ ओसरल्यावर त्याच डागामागे दुसरं काही असण्याची शक्यता कितीतरी वाढते. उलट बाजूही आहे. लक्षणं सुरू होऊन दोनच दिवस झालेल्या ३६ कोविड रुग्णांच्या एका गटात २० जणांचा स्कॅन चक्क स्वच्छ होता. तसा रिपोर्ट हातात घेऊन निर्धास्त फिरणाऱ्याने घरातल्या म्हाताऱ्यांना आजार दिला असेल, तर त्यात नवल नाही.

म्हणून ताप आणि खोकला घेऊन येणाऱ्याचा आम्ही आधी ऑक्सिजन बघतो, तापाचा कितवा दिवस ते विचारतो, घशाचा नमुना पाठवतो. स्कॅन लागतो तो ऑक्सिजन घसरत असताना, फुफ्फुसात गुठळीची शंका असताना किंवा आजार अपेक्षेप्रमाणे वळण घेत नसताना.

हाउन्सफील्ड यांनी हे काही पाहिलं नाही. त्यांनी लग्न केलं नाही, नोबेलच्या पैशांतून घरातच एक प्रयोगशाळा थाटली आणि १२ ऑगस्ट २००४ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.